गोलसमोरचं गवत

सोमवार, २ सप्टेंबर

आजपासून मैदान माझ्या ताब्यात.

घरात मैदानाचं नाव काढायचं नाही, हा नियम मात्र मीच केला आहे. डॉक्टर एवढंच म्हणाले होते की काळजी नको, जड उचलणं नको आणि रोज चालायला जा. पण ह्यांची काळजी म्हणजे हे सांभाळतात ते क्लबचं फुटबॉलचं मैदान, दुसरं काही नाही. ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळून यायला अजून दोन महिने तरी जातील. तोवर मैदान माझ्याकडे आणि ह्यांच्याशी त्याबद्दल अवाक्षर नाही. आता दिवसभर जे करायचं ते नवऱ्याशी बोलायचं नाही, तर बोलायचं कुणाशी? म्हणून ही वही. वही मध्येच बोलत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

क्लबच्या सेक्रेटरींनी बदली माणूस शोधायला सुरुवात केली होती. बदली माणूस एकदा आला की तो बदली राहत नाही, हे मी आमच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. म्हणून लांब रजा टाकली, क्लबात गेले आणि म्हटलं, हंगाम सुरू होईपर्यंत मी बघते. त्यांनी विचारलं, तुम्ही? मी म्हटलं, अहो, माती तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि गवत मातीतच उगवतं ना?

बोलून तर बसले. खरं सांगायचं तर आयुष्यात मी एक कुंडी धड जगवलेली नाही. माती मला ठाऊक आहे ती पाकिटातली, नंबर लावून आलेली, वाळवून चाळलेली. पण पहिल्या सामन्याला मैदान हिरवंगार दिसलं तर ह्यांची जागा ह्यांचीच राहील. दिसलं नाही तर काय, याचा विचार मी करत नाही. ही जागा गेली तर हा माणूस खुर्चीत बसून बसून वाळेल, हे मला कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त कळतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

गवत कापायचं मशीन चालवणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणतात. मशीनच्या आधी त्याचं तोंड सुरू होतं आणि मशीन बंद झाल्यावरही चालू राहतं. ह्यांना तो दादा म्हणतो आणि मला वहिनी.

आज मैदानभर नागमोडी चालत ठिकठिकाणी नळी खुपसून माती काढली. सगळी एका बादलीत कालवली आणि त्यातली ओंजळभर वाळत घातली. रेडिओ मशीन घेऊन मागोमाग हिंडत होता. "दादा तर नुसती चिमटीत धरून सांगतात, वहिनी."

"मग दादांची चिमूट प्रयोगशाळेत पाठवूया का?" मी म्हटलं. तो इतका हसला की मशीन कुंपणावर जाता जाता वाचलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

मातीचा निकाल लागला. आंबटपणा ठीक, पालाश कमी, नत्र बरंच कमी. काळजीचं काही नाही. एकदम भरमसाट खत घातलं तर गवत नुसतं वर धावतं आणि मुळं उपाशी राहतात. म्हणून थोडं थोडं, वरचेवर द्यायचं आणि लगेच पाणी पाजायचं. वजन करून, चुकूनही चुकायचं नाही असं.

घरीही तेच चाललंय. ह्यांचं मीठ मी काट्यावर तोलून काढते. आज ताटाकडे बघून म्हणाले, "मैदानाला तरी पोटभर घालतेस का?"

मी नुसतं बोट वर केलं. नियम म्हणजे नियम. ह्यांनी मुकाट्याने भाजी चिवडली, पण डोळ्यांतल्या डोळ्यांत हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसले. खूप बरं वाटलं मला.

बुधवार, ११ सप्टेंबर

पहिलं खत पडलं. खत टाकायची ढकलगाडी आधी ताडपत्रीवर चालवून पाहिली, किती पडतं ते तोललं आणि मगच गवतावर नेली. रेडिओ म्हणाला, गाडीची परीक्षा घेणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. संध्याकाळी फवारे लावले आणि भिजलेल्या मैदानाच्या कडेला उगाच उभी राहिले. प्रयोगशाळेत काम संपलं की मी घड्याळ बघते. इथे बघायचं विसरले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

हिरवं झालं. मी केलं ते.

सकाळी सेक्रेटरी आले. बूट काढून मोज्यांनी मैदानावर चालले, अगदी मधल्या वर्तुळापर्यंत गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कायमच्याच या की इकडे." मी म्हटलं, पगार प्रयोगशाळेएवढा द्याल का? दोघंही हसलो.

आज मात्र नियम मीच मोडला. इतकं छान काही झालं आणि घरी सांगायचं नाही म्हणजे काय? जेवताना सगळं सांगितलं, मोजे, वर्तुळ, कायमच्याच या वगैरे. सेक्रेटरींची नक्कलही करून दाखवली.

"छान," हे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "छान."

सूप अर्धं तसंच ठेवलं. मिठाशिवाय किती दिवस जेवणार माणूस. उद्या लिंबू पिळून बघते.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

ह्यांचं चालणं वाढलं आहे, ही आनंदाची गोष्ट. कोपऱ्यापर्यंत जाऊन धापा टाकत येणारा माणूस आता तासभर बाहेर असतो. आल्यावर बुटांना गवताची चुरी चिकटलेली असते. बागेतल्या हिरवळीवरून चालत असणार. मी बजावलं की पायवाटेवरूनच चाला, ओल्या गवतावर घसराल. बरं म्हणाले. हल्ली सगळ्यालाच बरं म्हणतात.

परवा मी मैदानावर असताना सेक्रेटरी घरी येऊन गेले म्हणे. तब्येतीची चौकशी करायला आले होते, एवढंच ह्यांनी सांगितलं. चांगला माणूस आहे.

आणि काल एक गंमत झाली. मी मैदानावर ह्यांचेच जुने बूट घालते, पुढे कापूस कोंबून. सकाळी बघते तर ते घासूनपुसून, तेल लावून दाराशी ठेवलेले. मी म्हटलं, कशाला वाकलात? तर म्हणतात, "पुढच्या वर्षी तुझ्या मापाचे नवे घे. ह्यात पाय मुरगळेल तुझा."

पुढच्या वर्षी मला मैदानाचे बूट कशाला लागतील? आजारपणात माणूस काहीही बोलतो.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

उत्तरेकडच्या गोलसमोर गवत पिवळं पडलं आहे. एखाद्या खोलीएवढा तुकडा असेल. बाकी मैदान हिरवं असल्यामुळे तो जास्तच डोळ्यांत भरतो. पहिला सामना तीन आठवड्यांवर आला आहे.

तिथली माती वेगळी काढून पाहिली तर निम्मी वाळूच निघाली. कधीतरी गोल सरकवला असणार आणि खड्डा वाळूने भरला असणार. वाळूत खत टिकत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. मी सगळ्या मैदानाची माती एकत्र कालवली होती, तेव्हा हा उपाशी कोपरा त्यात बुडून गेला. चूक माझी आणि वेळेत सापडली.

दुपारी त्या तुकड्याला अमोनियम सल्फेटचा जादा हप्ता दिला, हाताने, तोलून. पाणी पाजलं. रेडिओ आज रजेवर, त्यामुळे शांतता होती आणि कुणाला सांगायचा प्रश्नही नव्हता. आठवड्यात हिरवा होईल. शनिवार-रविवार आता मी घराबाहेर पडणार नाही, घरातल्या कपाटांकडे महिनाभर पाहिलेलं नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

तुकडा जळला.

पिवळा नाही, तपकिरी. हात लावला की पात्यांचा चुरा होतो. दोन दिवस कडक ऊन होतं आणि वारा होता, पण उन्हाने असं ठिपक्याठिपक्यांनी जळत नाही. हे खताने जळलं आहे.

पण मी तोलून दिलं होतं. मी तोलून दिलं होतं.

रेडिओला फैलावर घेतलं. शनिवारी तू होतास, गाडी फिरवलीस का? खताच्या पोत्याला हात लावलास का? एरवी एका प्रश्नाला दहा उत्तरं देणारा माणूस, आज टोपी हातात घेऊन नुसता उभा. मग म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असेल, वहिनी."

"काय चुकलं?"

"काहीतरी."

मी नको नको ते बोलले. तो गेला आणि त्याने मशीन सुरू केलं. दिवसभर मशीनचा आवाज आला, त्याचा आला नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

जळलेल्या जागची माती घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि रजेवर असूनही स्वतः तपासली. मी दिलं त्याच्या कितीतरी पट क्षार आहेत. पोत्यातलं खत तपासलं, तेही बरोबर आहे. माझा तराजू बरोबर आहे. म्हणजे माझंच डोकं चुकलं. शुक्रवारी मी एकदा दिलं की दोनदा? आता मलाच खात्री वाटेना.

तुकड्यावर पाणी सोडून ठेवलं आहे. वाळू आहे म्हणून क्षार लवकर खाली जातील, एवढा एकच दिलासा.

घरी ह्यांना काही बोलले नाही. हेही दोन दिवस चालायला गेले नाहीत. पाय दुखतात म्हणाले. मी डॉक्टरांना फोन लावायला उठले तर म्हणाले, "अगं, काही नाही, बस जरा माझ्याजवळ." बसले. माझा हात धरला आणि कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला भीती वाटते. गवताचीही आणि ह्यांचीही. जास्त कशाची ते लिहायची गरज नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

धुवायच्या कपड्यांत ह्यांची चालायची पँट होती. खिसा उलटा केला तर जाडसर साखरेसारखे पांढरे दाणे पडले.

पहिल्यांदा डोक्यात तिडीक गेली. हा माणूस चोरून साखर खातोय, एवढं सगळं करून. मग हातावर घेतले आणि साखर वाटेना. माझ्या मैदानाच्या पँटला रेषा आखायची चुन्याची फक्की लागलेली होती. ती थोडी खरवडून दाण्यांबरोबर ओल्या तळव्यावर चोळली. नाकात झिणझिण्या आल्या. चुना लागला की अमोनियम सल्फेट असा वास सोडतं, हे आम्ही नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवतो.

नळ बंद केला आणि न्हाणीघरात तशीच स्टुलावर बसले.

हे बागेत जातच नव्हते. रोज मैदानावर जात होते, मी घरी आले की. शुक्रवारी मला जे दिसलं, तेच शनिवारी ह्यांना दिसलं. मी तोलून दिलं, ह्यांनी मुठीने दिलं. आणि पाणी पाजायला नळाचं ते जड चाक फिरवावं लागतं, ते ह्यांना मना आहे, म्हणून पाणी राहून गेलं. गवताला भूक लागली होती, हे दोघांनाही बरोबर कळलं होतं आणि दोघंही बरोबर होतो म्हणून ते जळलं. एकमेकांशी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. न बोलायचा नियम कुणाचा, ते पहिल्या पानावर लिहिलेलंच आहे.

रेडिओला सगळं माहीत होतं. उद्या त्याची माफी मागायची.

पँट धुतली. ह्यांना काहीही सांगणार नाही. आपण आपलंच मैदान जाळलं, हे ज्याला आधीच कळलं आहे, त्याला मी ते पुन्हा कशाला ऐकवू?

शनिवार, १२ ऑक्टोबर

सेक्रेटरींनी ऑफिसात बोलावलं. खिडकीतून तो तुकडा दिसत होता.

"बाई, हे काय झालं?" त्यांनी विचारलं. रागावले नव्हते, हिरमुसले होते. "आमचं तर ठरलं होतं. हंगामापासून जागा तुम्हाला द्यायची आणि दादांना आराम. समितीत कुणाचा विरोध नव्हता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "ह्यांना विचारलंत?"

"घरी जाऊन विचारलं. त्याशिवाय कसं करणार?"

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्यापेक्षा ती बरं करते. तिलाच द्या, फक्त एवढ्यात तिला सांगू नका, पहिला सामना होऊन जाऊ दे."

टेबलावर कुणाचा तरी चहा निवत होता, मी त्याच्याकडे बघत बसले. मी ज्याच्यासाठी जागा राखत होते, त्याचीच जागा मी हिरवी करून काढून घेत होते आणि घरी येऊन नकला करून दाखवत होते. ह्यांना हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही पिवळा तुकडा बघून ह्यांनी खिसा भरून खत नेलं, माझं नाव खराब होऊ नये म्हणून.

"डोस माझा चुकला," मी म्हटलं.

"तुमचा? तुम्ही तर तोलून देता."

"शुक्रवारी दिलं आणि विसरून पुन्हा दिलं. मला माती तपासता येते, साहेब, मैदान सांभाळता येत नाही. ते ह्यांचं काम आहे. ह्यांना हलक्या कामावर परत घ्या, उचलायला रेडिओ आहे."

"मला वाटलं होतं, शिकलेल्या माणसाच्या हातून असं होणार नाही," एवढंच म्हणाले आणि समितीशी बोलतो असं सांगितलं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही. बाहेर आल्यावर कान तापले होते. पण रस्ता ओलांडेपर्यंत लक्षात आलं की मला वाईट वाटत नाहीये. थोडंसुद्धा नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

निरोप आला. सोमवारपासून ह्यांनी यायचं, जड काम नाही. मी ह्यांना एवढंच सांगितलं की समितीला तुमची गरज आहे. ह्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. बरं झालं, ह्यांना बाकीचं काही माहीत नाही.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

क्षार उतरले. मैदानाच्या कडेचं, कुंपणाजवळचं चांगलं गवत मातीसकट मुठीएवढ्या गोळ्यांनी काढून आम्ही चार दिवस त्या तुकड्यात लावतो आहोत. रेडिओ गोळे काढतो आणि पाट्या आणतो, मी खड्डे करते, हे लावतात. ह्यांच्यासाठी बुटकं स्टूल आणलं आहे. रेडिओचं तोंड पूर्ववत सुरू झालं आहे, त्यामुळे कुणाला बोलायची गरज पडत नाही.

आज तो पाटी भरायला लांब गेला, तेव्हा हे गोळा दाबता दाबता म्हणाले, "मूठभर जास्तच झालं माझ्याकडून."

मी खड्डा करत राहिले. "माझंही पडलेलं होतं त्याखाली. आदल्याच दिवशी."

"हं. मला आधी कळायला हवं होतं. माती ओलसर लागत होती, मला वाटलं नुसतं पाणी दिलं असशील."

"पोतं उचललंत का?"

"नाही. शपथ. उघडंच होतं, मुठीने घेतलं."

मग मात्र मला राहवलं नाही. "माझ्यापेक्षा ती बरं करते, असं म्हणालात तुम्ही? स्वतःची जागा द्यायला निघालात आणि मला पत्ता नाही?"

ह्यांनी हातातली माती झटकली. "तू सकाळी निघताना गुणगुणायला लागली होतीस. लग्नाला इतकी वर्षं झाली, प्रयोगशाळेत जाताना कधी ऐकलं नाही मी. म्हटलं, मी नाही तर नाही, तू तरी असावीस इथे."

खड्डा नको तेवढा खोल खणला गेला आणि तो ह्यांनीच पुन्हा भरला.

"आता बूट नकोत म्हणजे नवे," मी कसंबसं म्हटलं. "मी सोमवारी प्रयोगशाळेत रुजू होते. जागा तुमची आहे, मी सेक्रेटरींना सगळं सांगितलंय."

"काय सांगितलंस ते ठाऊक आहे मला. डोस तुझा चुकला म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी काल गेलो होतो त्यांच्याकडे, डोस माझा चुकला म्हणून सांगायला."

मिळालेली जागा हा माणूस परत घालवून आला होता. "अहो, मग आता?"

"आता काय. ते डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, शनिवारी सामना आहे, मला दुसरी कामं आहेत. कुणाचा डोस चुकला ते तुम्ही दोघं घरी बसून ठरवा आणि मला एक नाव कळवा. तोवर दोघांनीही येत जा."

जेवताना विषय काढला. मी म्हणते माझा, हे म्हणतात माझा. प्रयोगशाळेत रजा वाढवायचा अर्ज लिहून ठेवला आहे, कारण हे इतक्यात मिटेल असं दिसत नाही.